यंत्राभोवतीचे कुंपण

नवी मुंबईत बेलापूर येथे राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्य कार्यालय आहे. ही परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी कारखान्यांतून कामगार सुरक्षेची शपथ घेतात. परंतु कामगाराचा हात केवळ शपथेने सुरक्षित राहत नाही. त्यामागे कायद्याचे बळ असावे लागते.

मुंबईत कापडगिरण्या निघाल्या तेव्हा असा कायदाच नव्हता. पहिला कायदा १८८१ साली झाला. धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालावे व सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, असे त्यात सांगितले होते. सात वर्षांखालील! आपल्या धाकट्या भावंडाकडे पाहा, म्हणजे या वाक्याचा अर्थ कळेल. पुढे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी तर त्यात मागितली होतीच. शिवाय कामावर जखमी झालेल्या मजुरास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, अशीही मागणी होती.

पहिला कायदा शंभर कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ साली ही संख्या पन्नासावर आली, १९२२ साली वीसवर, आणि १९४८ साली, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांपुरती, दहावर. कायद्याचे छत्र असे लहान कारखान्यांपर्यंत पोहोचण्यास सदुसष्ट वर्षे लागली. २०२० च्या नव्या संहितेने मात्र ती संख्या पुन्हा वीस केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. लहान मालकांवरील कागदपत्रांचा भार हलका व्हावा, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे. दहा कामगार असतील तेथे मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये तिच्यातही आहेत, हे खरे. परंतु आराखड्याची मंजुरी, परवाना यांसारखी खास कारखान्यांची बंधने तेथे उरत नाहीत. आणि यंत्र चालू झाले म्हणजे ते माणसे मोजीत बसत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील येथील लहानशा कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काम करीत. तेथे अकरा माणसे होती. जाळीमुळे पत्रा आत सरकवण्यास वेळ लागतो, म्हणून जाळी काढून ठेवलेली होती. अपघातानंतर निरीक्षक आले, तेव्हा ती पुन्हा बसविण्यात आली. त्या वर्षी मुलाच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांनी डाव्या हाताने सही केली.