इकोच्या रिपोर्टवरचा आकडा



रक्तदाबावर बोललो त्यानंतर एका बचत गटाकडून प्रश्न आला होता. गटातल्या एका ताईंना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, चार दिवसांनी त्या घरी आल्या. फायलीत इकोचा रिपोर्ट होता. त्यावर लिहिलं होतं, ‘ईएफ ३५ टक्के’. घरच्यांनी वाचलं आणि हिशेब केला, म्हणजे ६५ टक्के हृदय गेलं, ३५ उरलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. ताईंनी अंथरूण धरलं. गटाने विचारलं होतं, गेलेलं हृदय परत येतं का?

प्रश्न छान आहे, पण त्याआधी तो हिशेब दुरुस्त करायला हवा.

आपलं हृदय आपल्या मुठीएवढं. त्याला चार कप्पे असतात. त्यातला डावा खालचा कप्पा अंगभर रक्त ढकलतो. तो भरला की त्यात साधारण १२० मिली रक्त मावतं, म्हणजे लहान वाटीभर. एका ठोक्याला तो सगळं रक्त बाहेर टाकत नाही. धडधाकट माणसाचंही नाही. १२० मधलं साधारण ७० मिली बाहेर जातं, बाकीचं आत राहतं. भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर गेलं, तो हा ईएफचा आकडा. चांगल्या हृदयाचा ईएफ ५५ ते ७० च्या आसपास असतो. शंभर कोणाचाच नसतो. तेव्हा ३५ ची तुलना शंभराशी करायची नाही, साठाशी करायची. हृदय कमजोर झालं आहे हे खरं, पण तीनातले दोन भाग गेले असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. हा आकडा कधी काढला होता? अटॅकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या दिवसांतला आकडा कायमचा नसतो. का, ते समजायला आपल्या शेतात जाऊ या.

समजा पाट मध्येच तुंबला आणि वाफ्याला पाणी मिळेनासं झालं. तुंबलेला पाट मोकळा करेपर्यंत काही रोपं जळून जातात. ती गेली, त्यांना कितीही पाणी दिलं तरी उठत नाहीत. पण बरीच रोपं नुसती माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं सगळा वाफा गेला. पाणी पोचलं की ती हळूहळू उभी राहतात. हृदयाच्या स्नायूचं तसंच आहे. रक्ताची नळी गुठळीने बंद झाली की वीस-तीस मिनिटांत पेशी मरायला लागतात आणि पुढे तासातासाला जास्त मरतात. जो भाग मेला, तिथे पुढे व्रण तयार होतो. मात्र त्याच्या कडेचा भाग जिवंत असून गप्प बसतो. नळी उघडली, रक्त आलं, तरी तो लगेच आकसत नाही. त्याला धक्का बसलेला असतो. १९८२ साली अमेरिकेतल्या ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या डॉक्टरांनी अशा स्नायूला ‘बधिर झालेला स्नायू’ अशा अर्थाचं नाव दिलं. हा स्नायू काही दिवसांत, काही आठवड्यांत जागा होतो.

आणखी एक प्रकार आहे. नळी पूर्ण बंद नसते, पण बरेच महिने अरुंद झालेली असते. तिथला स्नायू थोडक्या पाण्यावर तग धरून राहिलेल्या पिकासारखा काम कमी करून जगतो. याला ‘झोपी गेलेला स्नायू’ म्हणायचं. मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले डॉ. शाहबुद्दीन रहिमतूला यांनी ही कल्पना जगापुढे ठामपणे मांडली. रक्तपुरवठा नीट केला तर हा स्नायूही उठतो, पण त्याला महिने लागतात.

मग जो भाग मेला, तो परत येतो का? नाही. कातडी नवी येते, हाड जुळतं, हृदयाच्या पेशी मात्र फारच कमी नव्या तयार होतात. शास्त्रज्ञांनी २००९ साली मोजून दाखवलं की तरुणपणी वर्षाला शंभरात एखादी पेशी बदलते आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने. म्हणजे कुठल्याही काढ्याने किंवा चूर्णाने मेलेला स्नायू जिवंत होत नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

म्हणून पहिल्या इकोवर निकाल लावायचा नसतो. डॉक्टर स्वतःही लावत नाहीत. अटॅकनंतर ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असेल, तर काहींना छातीत छोटं यंत्र बसवावं लागतं. पण तेसुद्धा किमान ४० दिवस थांबून, पुन्हा इको करून ठरवतात. कारण तेवढ्यात आकडा वर येऊ शकतो. नळी वेळेवर उघडली असेल तर ३५ चा ४५ किंवा ५० झालेला दिसतो. सगळ्यांचा होत नाही. काहींचा तिथेच राहतो, काहींचा खालीही जातो. खाली का जातो, ते आता सांगते. आपल्या हातात असलेलं काम तिथेच आहे.

मेलेल्या भागावर व्रण धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ती जागा मऊ असते. उरलेल्या स्नायूवर जास्तीचा भार येतो. भार वाढत गेला की हृदयाचा कप्पा ताणतो, फुगतो, वापरून सैल पडलेल्या रबरासारखा होतो, आणि सैल कप्पा नीट आकसत नाही. हे अटॅकच्या दिवशी होत नाही, पुढच्या महिन्यांत गुपचूप होतं. बाईला वाटतं आता बरं आहे, आणि आत कप्पा मोठा होत असतो.

हा फुगवटा थांबवायला गोळ्या असतात. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्यातली नावं. या जातीचं पहिलं तोंडावाटे घ्यायचं औषध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना सापडलं. त्या सापाच्या दंशाने रक्तदाब एकदम पडतो, त्यावरून माग काढला. विषातूनही माणसाने औषध काढलं, याचं मला अजून नवल वाटतं. अटॅकनंतर या गोळ्या घेणारी माणसं जास्त जगतात, हे १९९२ पासून सिद्ध आहे. दुसरी गोळी मेटोप्रोलॉलसारखी, ठोके हळू करून हृदयाला दम घेऊ देणारी. सुरुवातीला तिने थोडं गळल्यासारखं वाटतं. शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, चरबीसाठी ॲटोरव्हास्टॅटिन. कमजोर हृदयाला हल्ली डॅपाग्लिफ्लोझिन देतात. ही मधुमेहाची म्हणून ओळखली जाणारी गोळी आहे. ‘मला शुगर नाही, ही चुकून दिली’ म्हणून ती बाजूला काढू नका. ती हृदयासाठीही असते.

आता गोळ्या कुठे सुटतात, ते बघा. रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, बाई गोळी बंद करते. बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, त्याला दुसरी गोळी मिळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पाळीला जास्त जाऊ लागतं. ते लाजेने कोणी बोलत नाही आणि गोळी सुटते. स्टेंट बसवल्यावर ही गोळी एकाएकी थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. जास्त जात असेल तर ते आशाताईला सांगा, डॉक्टरांना सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि ज्यांचं वय मूल होण्याचं आहे त्यांनी पहिल्याच भेटीत तसं सांगावं, कारण रामिप्रिल, ॲटोरव्हास्टॅटिन यांसारखी काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

तिसरं कारण पैसे. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते, पण गोळ्या वर्षानुवर्षांच्या असतात. नवऱ्याची असतील तर बाई मंगळसूत्र गहाण टाकून आणते, स्वतःची असतील तर एक दिवसाआड घेते. हे मी नुसतं बोलत नाही, गोळ्यांची पाकिटं मोजून बघितली आहेत. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. सरकारी रुग्णालयात कोणती फुकट मिळतात, तेही विचारा.

आता हालचाल. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. हृदयालाही तेवढंच जपायचं, कारण व्रण धरायला तेवढा काळ लागतोच. पण जपायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं नाही. डॉक्टरांनी घरी सोडलं की अंगणात पाच-दहा मिनिटं चालायचं, सकाळ-संध्याकाळ. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवायचं. दीड महिन्यात सलग अर्ध्या तासापर्यंत जायचं. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करायचा. जेवल्यावर लगेच नाही, भर उन्हात नाही. चालण्याने हृदयाचं काम सोपं होतं, कारण अंगातले बाकीचे स्नायू आलेलं रक्त नीट वापरायला शिकतात.

पण पाण्याचा भरलेला हंडा पंधरा किलोचा असतो. तो पहिले सहा आठवडे उचलायचा नाही. सरपणाची मोळी, शेणाची पाटी, हापशाचा दांडा, जड पाटा-वरवंटा, कपडे आपटणं, हेही नाही. भाकरी थापणं, निवडणं, टिपणं, मशीन चालवणं चालतं. शौचाला कुंथू नका. बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्या. आणि नवरा-बायकोच्या संबंधाबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. दोन जिने दम न लागता चढता आले की साधारणपणे हरकत नसते, तरी डॉक्टरांना विचारावं.

योगाबद्दल पुष्कळ जणी विचारतात. भारतातल्या २४ रुग्णालयांत अटॅक येऊन गेलेल्या सुमारे ४ हजार रुग्णांवर योगाचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योग शिकवलेल्या लोकांना जास्त बरं वाटलं आणि ते आपल्या आधीच्या कामांना जास्त चांगले लागले. मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला, असं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणून योग गोळ्यांच्या जोडीने करा, गोळ्यांच्या ऐवजी नाही.

मिश्रीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुरुषाची बिडी दिसते, बाईची मिश्री दिसत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू?’ विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. ती तंबाखूच आहे. तिने ठोके वाढतात, नळ्या आवळतात. अटॅकनंतर ती सोडली तर त्याच्याइतकं फुकट औषध दुसरं नाही.

मीठ दिवसभरात सपाट चमचाभर, त्यातच लोणचं, पापड, ठेचा, सुकट सगळं आलं. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या कमजोर हृदयाला घातक आहेत. त्याने अंगात पाणी साठतं. पॅरासिटामॉलवर भागवा किंवा डॉक्टरांना विचारा.

अटॅकनंतर पुष्कळांचं मन खचतं. झोप लागत नाही, कशात जीव लागत नाही. त्या ताईंनी अंथरूण धरलं ते केवळ आकड्याने नसेल. हे आजारपणातलंच दुखणं आहे, त्यालाही उपचार असतो. तोही मागायचा.

ज्या गटाने प्रश्न पाठवला, त्यांना माझं एक सांगणं आहे. सहा आठवडे त्या ताईंचं पाणी पाळीपाळीने भरा. दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचा असतो, त्या दिवशी एकीने सोबत जा. गाडीभाड्यासाठी गटातून उचल द्या. बाईचा दुसरा इको राहून जातो, तो बहुतेक सोबत नसल्यामुळे. जाताना जुना रिपोर्ट न्या म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून बघता येतील. आकडा वाढला तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्या गोळ्यांनीच तो वर धरलेला असतो.

आता धोक्याच्या खुणा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून दोन उशा लागायला लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती दाबल्यासारखी वाटली, दुखणं जबड्यात, पाठीत, हातात गेलं, किंवा काही न दुखता नुसता घाम, दम आणि मळमळ झाली, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. बायकांच्या अटॅकमध्ये या दुसऱ्या खुणा बऱ्याचदा दिसतात. १०८ ला फोन करा. नळी उघडण्याचं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सगळ्यात चांगलं लागू पडतं, बारा तासांपर्यंत त्याचा उपयोग असतो. फोन करताना गावाचं नाव, वस्तीचं नाव आणि रस्त्यावरची खूण सांगा, आणि एकीला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा.