पन्नास दिवसांची उधारी

पुण्याच्या शनिवार पेठेत माझ्या एका स्नेह्यांचा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापण्याचा जुना छापखाना आहे. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी १,००,००० रुपयांचा कागद क्रेडिट कार्डावर उचलला, देयकात छापलेली ‘किमान देय रक्कम’ ५,००० रुपये मुदतीच्या आत भरली आणि आपला व्यवहार चोख आहे अशा समाधानाने रोजकीर्द मिटली. पुढील महिन्याचे देयक घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा व्याजाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “अहो, मी तर दोन दिवस आधीच भरले होते!”

त्यांचे म्हणणे खरे होते, परंतु किमान रक्कम भरल्याने विलंब आकार टळतो आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, याहून अधिक काही साधत नाही. उरलेल्या ९५,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे दरसाल दरशेकडा बेचाळीस, या दराने एका महिन्याचे व्याज ३,३२५ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी ५९८ रुपये ५० पैसे. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा ५,००० रुपये भरले तर त्यातले मुद्दलात जमा होतात अवघे १,०७६ रुपये ५० पैसे. शिवाय थकलेल्या रकमेवरील व्याजाची गणना देय तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून होते. आणि मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात घेतलेल्या शाईच्या डब्यांवरही घेतल्या दिवसापासून व्याज चढू लागले होते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे, लांबेल असा इशारा देयकावर छापणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी बँकांना बंधनकारक केले आहे. तो इशारा स्नेह्यांच्या हातातील कागदावरही होता.

एवढ्या व्याजाला कायद्याची काही मर्यादा असेलच, असे अनेक व्यापारी गृहीत धरतात, आणि या समजुतीला एके काळी आधारही होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डावर दरसाल ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्दबातल केला. आज दर ठरतो तो बँकेच्या करारनाम्याने, आणि म्हणून तो करारनामा सही करण्यापूर्वी वाचलाच पाहिजे.

मग हे कार्ड व्यवसायाला निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. माल घेण्याचा दिवस आणि गिऱ्हाइकाकडून पैसे हाती येण्याचा दिवस यांमधील अंतर हीच छोट्या व्यावसायिकाची नित्याची विवंचना असते, आणि ते अंतर बिनव्याजी ओलांडून देणारे दुसरे साधन त्याला सहसा मिळत नाही. मात्र जाहिरातीतील बिनव्याजी ‘पन्नास दिवस’ प्रत्येक खरेदीला लाभतात, हा भ्रम आहे. देयक दरमहा ५ तारखेला निघत असेल आणि भरण्याची अंतिम तारीख २५ असेल, तर ६ जुलैला घेतलेल्या कागदाचे पैसे २५ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पूर्ण पन्नास दिवसांनी, देता येतात. तोच कागद दोन दिवस आधी, ४ जुलैला घेतला असता तर २५ जुलैलाच, म्हणजे एकवीस दिवसांत, द्यावे लागले असते. देयकाची ही तारीख निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘बिझनेस कार्ड’ घेतले की जबाबदारी दुकानाची, आपली नव्हे, ही समजूत तर घातकच म्हणावी लागेल. एकल मालकीच्या पेढीला कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. देणे थकले तर ते मालकाचेच थकते आणि त्याच्याच सिबिल अहवालात उतरते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख रुपये मर्यादेच्या कार्डाची घोषणा झाली तेव्हा कित्येकांनी त्यास अनुदान मानले, ते कर्जच आहे.

कराच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कार्डाचे विवरणपत्र म्हणजे कर-बीजक नव्हे. जीएसटीचे इनपुट क्रेडिट हवे असेल तर विक्रेत्याकडून आपला जीएसटी क्रमांक घातलेले बीजक घेतलेच पाहिजे. उलटपक्षी, एकाच व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो धंद्याचा खर्च आयकरात सामान्यतः नामंजूर होतो, आणि ही अडचण कार्डाने दिलेल्या रकमेस येत नाही.

कार्डावर एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नसते. आपलेच कार्ड आपल्याच दुकानातील स्वाइप यंत्रावर ओढून रोख उभी करणे हा बँकेशी केलेल्या कराराचा भंग आहे, आणि ‘सगळेच करतात’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

कार्डाची निवड करताना मंडळी प्रथम रिवॉर्ड पॉइंट विचारतात. एक लाखाच्या खरेदीवर एक टक्का परत मिळाला तर हजार रुपये होतात; स्नेह्यांचे एका महिन्याचे व्याज करासह ३,९२३ रुपये ५० पैसे होते. व्याजाचा दर, वार्षिक शुल्क आणि देयकाची तारीख आधी पाहावी. कार्ड सोयीचे न ठरल्यास, सर्व बाकी चुकती करून बंद करण्याचा अर्ज दिल्यावर बँकेने ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करावयाचे असते. विलंब झाल्यास बँकेला दरदिवशी ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

माझ्या स्नेह्यांनी थकलेली रक्कम तीन महिन्यांत फेडली, पण कार्ड ठेवले. लग्नपत्रिकांचे पैसे लग्नाआधीच हाती पडतात, म्हणून पत्रिकांचा कागद ते देयक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्डावर घेतात. पावतीपुस्तकांचे पैसे संस्थांकडून दोन-दोन महिने येत नाहीत, म्हणून तो कागद बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून घेतात. रोजकिर्दीच्या पहिल्या पानावर दोन तारखा तांबड्या शाईने लिहिलेल्या असतात, एक देयकाची आणि दुसरी भरण्याची.