कूस बदलण्याचे शास्त्र

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, खुब्यावर, घोट्यावर किंवा टाचेवर होणारे शय्याव्रण, म्हणजेच घरोघरी ज्याला ‘बेडसोअर’ म्हणतात ती जखम, त्वचेवर दिसते खरी. परंतु तिचा आरंभ पुष्कळदा त्वचेखाली, हाडालगतच्या मांसात झालेला असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चिमटले गेले की त्यातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, दबून मिटतात आणि प्राणवायू न पोहोचल्याने पेशी मरू लागतात. केशवाहिनीच्या आरंभी रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर एवढाच असतो, तर उताणे निजलेल्या माणसाच्या टाचेवर वा माकडहाडावर पडणारा दाब त्याहून सहज अधिक भरतो. तरीही धडधाकट माणसाला ही जखम होत नाही, कारण अंगाला रग लागताच तो झोपेतही नकळत कूस बदलतो.

ही नकळत होणारी हालचाल किती मोलाची आहे, हे ब्रिटनमधील वार्धक्यवैद्यकाचे तज्ज्ञ एक्स्टन-स्मिथ आणि त्यांचे सहकारी शेरविन यांनी १९६१ साली दाखवून दिले. वृद्ध रुग्ण रात्रभरात किती वेळा हलतात याची त्यांनी नोंद ठेवली, तेव्हा पन्नासाहून अधिक वेळा हलणाऱ्यांना शय्याव्रण झाले नव्हते आणि वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांना ते झाले होते. पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, मधुमेहाने बधिर झालेले पाय, स्मृतिभ्रंश किंवा झोपेच्या गोळ्यांची गुंगी या वरकरणी वेगळ्या अवस्थांमध्ये धोका सारखाच असतो, कारण त्या प्रत्येकीत रग जाणवत तरी नाही किंवा जाणवूनही हलता येत नाही. दाबाइतकाच काळही महत्त्वाचा असतो. थोडा दाब दीर्घकाळ राहिला तर तो थोड्या वेळच्या मोठ्या दाबाइतकाच घातक ठरतो, हे संशोधक कोसिॲक यांच्या १९५९ मधील प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केले होते. पुढे १९६२ मध्ये परिचारिका डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना गुण देऊन धोका आधीच ओळखण्याची मोजपट्टी तयार केली, जिच्यात २० पैकी १४ वा त्याहून कमी गुण म्हणजे सावधानतेचा इशारा असतो.

दाबाच्या जोडीला दोन गोष्टी हानी वाढवतात. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू पायथ्याकडे घसरतो, त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड मात्र सरकते. या ताणाला कर्तनबल म्हणतात आणि त्याने खोलवरच्या वाहिन्या पिळवटतात. म्हणून जेवणाची वेळ सोडता, आणि श्वासाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, उंची ३० अंशांच्या आत ठेवणे हिताचे असते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. लघवीने भिजलेल्या डायपरमध्ये तासन्‌तास राहिलेली त्वचा मऊ पडते आणि किरकोळ घर्षणानेही सोलवटते.

शय्याव्रणाची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबून सोडले तरी न फिकटणारी लाली. गोऱ्या त्वचेवर ती चटकन दिसते; परंतु आपल्याकडील सावळ्या कांतीवर ती लपून राहू शकते, म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा काळपट वा जांभळट झालेला, हाताला गरम, टणक किंवा उलट लिबलिबीत लागणारा भाग रोज अंघोळीच्या वेळी शोधावा लागतो. दुसऱ्या टप्प्यात त्वचेचा वरचा थर जातो किंवा फोड येतो, तिसऱ्यात चरबी उघडी पडते, चौथ्यात जखम स्नायू वा हाडापर्यंत पोहोचते.

कूस बदलताना रुग्णाला ओढू नये. कमरेखाली घातलेली आडवी चादर धरून दोघांनी उचलून सरकवावे. पूर्ण कुशीवर निजवल्यास सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, त्यामुळे पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल ठेवणे अधिक सुरक्षित ठरते. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रूढ नियम मात्र घरातील लेकीसुनांची किंवा कामावरच्या मावशींची झोप पुरती हिरावून घेतो, आणि याचा विचार क्वचितच होतो. अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाट फोमच्या चांगल्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून त्वचा निकोप असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीचे अंतर वाढवता येते. आळीपाळीने फुगणारी हवेची गादी उपयुक्त असली तरी ती कूस बदलण्याला पर्याय नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग भोवतीच्या त्वचेचा रक्तपुरवठा अडवते, टाचेखाली ठेवलेले पाणी भरलेले हातमोजे पुरेसे संरक्षण देत नाहीत, आणि लाल झालेल्या जागी जोराने केलेले मालिश आतल्या दुखावलेल्या मांसाला आणखी इजा करते.

आहाराकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. व्रण असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या कुपोषित वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला ६२.५ ते ७५ ग्रॅम. पेज, पातळ वरण आणि चहा-बिस्किटांवर ही गरज भागणे अशक्य असते. अंडी, दूध, दही, पनीर, घट्ट वरण हे पदार्थ मऊ करून थोडे थोडे द्यावेत, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

जखम झालीच तर दाब हटवल्याशिवाय कोणतेही मलम तिला भरून आणणार नाही. ती सलाइनने धुऊन ओलसर राखणारी पट्टी बांधणे योग्य असते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही मारतात. काळी पडलेली मृत त्वचा घरी कापू नये. दुर्गंधी, पू, ताप किंवा बोलण्यात अचानक आलेली असंबद्धता दिसल्यास संसर्ग हाडात वा रक्तात पसरत असण्याची शक्यता असते आणि तेथे विलंब जिवावर बेततो.

आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत त्वचाही इतर इंद्रियांप्रमाणे थकते आणि उत्तम शुश्रूषा होत असूनही काही व्रण टळत नाहीत. अशा वेळी वेदना कमी करणे हेच उद्दिष्ट असावे आणि शुश्रूषा करणाऱ्यांना दोष देऊ नये. परंतु बरेच व्रण टाळता येण्याजोगे असतात. रुग्णाला रुग्णालयातून घरी नेण्यापूर्वी कुटुंबीयांनी पाठ, माकडहाड आणि दोन्ही टाचा परिचारिकेसमवेत उजेडात पाहून घ्याव्यात आणि कूस कशी बदलायची ते तिच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी एकदा करून पाहावे.