फर्मवेअर अद्ययावत होताना नवा लॅपटॉप बंद पडला तर... कारणे, खबरदारी आणि ग्राहकाचे हक्क

नवी दिल्ली : नव्या लॅपटॉपचे खोके उघडून, वाय-फाय जोडून वापरकर्ता कामाला लागतो न लागतो, तोच पडद्यावर संदेश झळकतो : ‘फर्मवेअर अद्ययावत होत आहे. संगणक बंद करू नका.’ बहुतेक वेळा हे काम काही मिनिटांत सुरळीत पार पडते. क्वचित मात्र पडदा काळा पडतो, पंखा फिरत राहतो आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. हजारो रुपये मोजून घेतलेली वस्तू पहिल्याच आठवड्यात निकामी झाली, तर दोष कोणाचा, यावरून ग्राहक, विक्रेता आणि सेवा केंद्र यांच्यात वाद उभा राहतो. वापरकर्त्याने चुकीचे बटण दाबले असेल, असे सांगून त्याची बोळवण होण्याची शक्यता असते. म्हणूनच या बिघाडामागील तांत्रिक कारण आणि त्यासंबंधीचा कायदा या दोन्ही गोष्टी ग्राहकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

फर्मवेअर म्हणजे काय?

लॅपटॉपचे बटण दाबल्यानंतर विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी काही सेकंद एक छोटी आज्ञावली यंत्राचा ताबा घेते. प्रोसेसर, मेमरी, कळफलक, पडदा यांना ती कार्यान्वित करते, ते ठीक असल्याची खातरजमा करते आणि नंतर सूत्रे कार्यप्रणालीकडे सोपवते. हेच फर्मवेअर. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ‘बायोस’ या नावाने ओळखली जाणारी ही आज्ञावली कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेली असे. वापरकर्त्याला ती बदलता येत नसे. पुढे पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आली. आजच्या लॅपटॉपमध्ये बायोसची जागा ‘यूईएफआय’ या प्रणालीने घेतली असून ती मदरबोर्डवरील आठ पायांच्या, नखाएवढ्या चिपमध्ये साठवलेली असते. या चिपची क्षमता साधारणतः १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. ग्राहकाच्या फाइल ज्या एसएसडीवर असतात, तिच्याशी या चिपचा संबंध नसतो.

पुन्हा लिहिता येण्याची ही सोय धोक्याचीही ठरू शकते, याचा अनुभव जगाने २६ एप्रिल १९९९ रोजी घेतला. ‘सीआयएच’ या विषाणूने त्या दिवशी अनेक संगणकांच्या चिपमधील बायोसवर निरर्थक माहिती लिहिली आणि ते संगणक सुरू होणेच बंद झाले.

मग बदल करायचाच कशाला?

चालू असलेल्या यंत्राला हात का लावावा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र सुरक्षेच्या दृष्टीने फर्मवेअर जुने ठेवणे परवडणारे नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा त्यावरील उपायाचा एक भाग फर्मवेअरमार्फतच द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी समोर आल्या. संगणक सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दाखवणाऱ्या भागातच त्या होत्या. विंडोजच्या ‘सिक्युअर बूट’ या सुरक्षा यंत्रणेची २०११ मधील प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होत असल्याने अनेक संगणकांना नवी प्रमाणपत्रे द्यावी लागत आहेत आणि त्यांपैकी काहींना फर्मवेअर बदलणेही आवश्यक ठरते.

नवा लॅपटॉपही याला अपवाद नाही. कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत काही महिने गेलेले असतात. त्यामुळे इंटरनेटशी जोडणी होताच साचलेल्या सुधारणा एकापाठोपाठ एक उतरू लागतात. त्यांत फर्मवेअरचा समावेश असल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

बिघाड नेमका कोठे होतो?

अद्ययावत करताना चिपमधील जुनी आज्ञावली विभागवार पुसली जाते, त्या जागी नवी लिहिली जाते आणि अखेरीस पडताळणी होते. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्ये वीजपुरवठा तुटला, तर चिपमध्ये ना जुनी आज्ञावली पूर्ण राहते, ना नवी. अशा वेळी बटण दाबूनही यंत्राला पुढे काय करायचे हे सांगणारे काहीच उरत नाही. विंडोज बिघडल्यास ती पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकता येते. परंतु तो पेनड्राइव्ह ओळखण्याचे काम फर्मवेअरचेच असल्याने येथे तो नेहमीचा मार्ग बंद होतो.

वीज हे एकमेव कारण नव्हे. दुसऱ्या मॉडेलची फाइल वापरणे, चिपमध्ये मुळातच दोष असणे किंवा कंपनीने पाठवलेल्या सुधारणेतच चूक असणे, ही कारणेही संभवतात. ‘स्पेक्टर’वरील उपाय असलेल्या संगणकांमध्ये अचानक पुन्हा सुरू होण्याच्या तक्रारी आल्यानंतर २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलने स्वतःच त्या सुधारणेचे वितरण थांबवण्याची सूचना केली होती. म्हणजे निर्मात्याच्या हातूनही चूक होऊ शकते.

वापरकर्त्याकडून होणारी सर्वांत महागडी चूक घाईची असते. नवे फर्मवेअर बसल्यावर पहिल्यांदा सुरू होताना यंत्र मेमरीची जुळणी नव्याने करते. या काळात पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो आणि लॅपटॉप दोन-तीन वेळा आपोआप बंद होऊन सुरूही होऊ शकतो. यंत्र अडकले असे समजून बटण दाबून धरल्यास सुरळीत चाललेले काम अर्धवट तुटते.

पहिल्या अर्ध्या तासात काय करावे?

सुरुवातीलाच चार्जर जोडलेला ठेवावा. नव्या लॅपटॉपची बॅटरी सहसा पूर्ण भरलेली नसते. पडदा काळा पडल्यास किमान अर्धा तास काहीही करू नये. त्यानंतरही हालचाल नसेल, तर चार्जर काढून बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. अनेक मॉडेलमध्ये फर्मवेअरची राखीव प्रत असते किंवा विशिष्ट कळा दाबून पेनड्राइव्हवरून ते पूर्ववत करण्याची सोय असते. त्याची कृती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या पानावर पाहावी. बिघडलेले फर्मवेअर स्वतःहून सावरावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. संरक्षण, बिघाडाची ओळख आणि पूर्वस्थिती ही तीन तत्त्वे अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१८ मध्येच मार्गदर्शक सूचनांत मांडली आहेत.

दिल्लीचे नेहरू प्लेस असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चिपला चिमटा लावून फर्मवेअर पुन्हा लिहिणारे कुशल कारागीर तेथे मिळतात. परंतु वॉरंटीतील यंत्र त्यांच्याकडे उघडल्यास कंपनीला जबाबदारी नाकारण्यास निमित्त मिळते. शिवाय यंत्राचा अनुक्रमांक आणि विंडोजचा परवाना याच चिपमध्ये असल्याने दुसऱ्या यंत्राची प्रत जशीच्या तशी टाकल्यास तो तपशील पुसला जाऊ शकतो.

सेवा केंद्र बहुधा मदरबोर्ड बदलते. एसएसडीवरील माहिती त्यात टिकते. मात्र ती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असल्यास उघडण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच हे कुलूप आपोआप लागते. ही किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. यंत्र सुस्थितीत असतानाच ती कागदावर उतरवून ठेवणे श्रेयस्कर.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूच्या गुणवत्तेतील किंवा दर्जातील कोणतीही उणीव हा ‘दोष’ ठरतो. कंपनीनेच पाठवलेली सुधारणा तिच्या सूचनांनुसार होऊ देणे याला गैरवापर म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद ग्राहक करू शकतो. दोष सिद्ध झाल्यास जिल्हा आयोग तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. दोष तपासणीविना ठरत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद असून अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. तक्रार ग्राहकाच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

ऑनलाइन खरेदी असल्यास २०२० चे ई-व्यापार नियमही लागू होतात. त्यांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात निकाल बहुतांशी पुराव्यावर अवलंबून असतो. म्हणून पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र, तारीख-वेळेची नोंद, बिल आणि खोक्यावरील अनुक्रमांक जपावा. सेवा केंद्राकडून जॉबशीट घ्यावी आणि त्यात ‘फर्मवेअर अद्ययावत होत असताना बंद पडला’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा; केवळ ‘सुरू होत नाही’ ही नोंद पुढे अपुरी पडू शकते. कंपनी किंवा विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.