दोन कंस आणि एक रिकामी फाइल

प्रयोगशाळेत रात्रभर दर मिनिटाला तापमान नोंदवायचे होते. 'नोंदव' हे फंक्शन एक आकडा घेई आणि फाइलीत लिही. आमची सामायिक डिस्क अधूनमधून रुसत असे. म्हणून लिहिणे फसल्यास तीनदा प्रयत्न करणारा 'पुन्हा' नावाचा डेकोरेटर मी त्यावर चढवला. सकाळी पाहतो तर फाइल रिकामी, आणि संगणकाची कसलीच तक्रार नाही! मी दोन कंस लिहायचे विसरलो होतो.

पायथन भाषेत फंक्शन हीसुद्धा एक वस्तूच असते. आकड्याप्रमाणे ती दुसऱ्या फंक्शनला देता येते, त्याच्याकडून परतही घेता येते. 2004 सालच्या 2.4 आवृत्तीपासून फंक्शनच्या व्याख्येवर @पुन्हा असे लिहिण्याची सोय आहे. त्याचा अर्थ एवढाच: नोंदव = पुन्हा(नोंदव). जुने फंक्शन आत गेले, नवे बाहेर आले आणि जुन्याचे नाव नव्याला मिळाले. (पायथन 3 मध्ये अशी देवनागरी नावे खरोखर चालतात, वर्गात जरूर करून पाहा.)

@पुन्हा(वेळा=3) असे लिहिले की एक पायरी वाढते. बिनकंसाचा डेकोरेटर म्हणजे शिंपी: कापड द्या, कपडा घ्या. कंसवाला म्हणजे दुकानदार: त्याला माप सांगा, तो ते माप ठाऊक असलेला शिंपी समोर उभा करील, मग कापड त्या शिंप्याला द्या.

माझा 'पुन्हा' दुकानदार होता. माप न सांगितल्यास तीन धरायचे, अशी सोय असल्याने मी नुसते @पुन्हा लिहिले. दुकानदाराने कापडालाच माप समजून शिंपी दिला आणि 'नोंदव' हे नाव त्या शिंप्याला चिकटले. पुढे नोंदव(27.4) म्हटले की शिंपी 27.4 लाच कापड समजे व एक नवे फंक्शन शिवून परत करी. ते कोणी चालवलेच नाही. मग चूक उघड व्हायची कशी?

दोन्ही रीती चालाव्यात असे वाटत असेल तर 'पुन्हा'मध्ये पहिली जागा फंक्शनसाठी ठेवावी, ती रिकामी राहू शकेल अशी. तिच्यानंतर चांदणी (*) टाकावी, म्हणजे 'वेळा' नाव घेऊनच सांगावे लागते. आत पाहायचे ते एवढेच, की पहिल्या जागी फंक्शन आले आहे का. आले असल्यास लगेच गुंडाळून परत द्या. जागा रिकामी असल्यास कंस लिहिलेले होते. तेव्हा 'वेळा' लक्षात ठेवलेला डेकोरेटर परत द्या. कोणी @पुन्हा(3) लिहिले तर 3 पहिल्या जागी जाऊन बसते, चांदणी त्याला अडवत नाही. तिथे फंक्शन नसलेले काही दिसले तर चूक दाखवून थांबावे, हे आपणच लिहायला हवे.

पायथनच्या स्वतःच्या संग्रहातही ही सोय उशिराच झाली. आधी काढलेली उत्तरे जपून ठेवणारा 'एलआरयू कॅश' हा डेकोरेटर 2011 मध्ये 3.2 आवृत्तीत आला. तो बिनकंसाचा चालू लागला 2019 मध्ये, 3.8 आवृत्तीत.