ओसरीवरचा खून

"काहून रे, पाहुण्यांनी भरल्या घरात हे काय अभद्र काढलं?" काकूनं विचारलं आणि माझा निम्मा उत्साह तिथंच ओसरला.

विवेकानंद जन्मोत्सवासाठी हिवरा आश्रमच्या आमच्या घरी त्या वर्षी चौदा माणसं जमली होती. मैदानातल्या पंगतीत बसून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद झाला, की दुसऱ्या रात्री या मंडळींचं करायचं काय? पत्ते नेहमीचेच. गाण्याच्या भेंड्यांत तीच चार माणसं गातात. म्हणून ठरवलं, घरातच एक खून करायचा. अर्थात कागदावरचा!

हा खेळ मूळचा इंग्रजी दिवाणखान्यातला. अगाथा ख्रिस्तीच्या १९५० सालच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये गावच्या वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते आणि शेजारीपाजारी, खेळच असणार असं समजून, ठरल्या वेळी हजर होतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिढ्या पोसल्या, पण झुंजार किंवा काळा पहाड वाचायचा तो एकट्यानं, पांघरुणात. चौदाजणांनी मिळून गुन्हा शोधायचा म्हणजे निराळाच मामला.

त्याची कथा उलटी रचावी लागते. आधी खुनी ठरवायचा, मग कारण, मग त्याच्यापर्यंत नेणारे दोन-तीन धागे. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची: तुम्ही कोण, तुम्हाला काय ठाऊक आहे आणि काय लपवायचं आहे. खोटं बोलायची मुभा फक्त खुन्याला. आणि प्रत्येक धागा दोघांच्या हाती हवा, कारण जेवणानंतर एखादे काका हमखास पेंगतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही झोपी जातो.

माझ्या पहिल्या मसुद्यात भाऊबंदकी होती, बांधाचा वाद होता आणि दुधाच्या पेल्यात फवारणीचं औषध होतं. गहू निवडता निवडता काकूनं ते ऐकलं.

"बाकी काही लिही," ती म्हणाली, "औषध नको."

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला बुलढाणा होता. जमलेल्यांपैकी एकीच्या माहेरी ते घडूनही गेलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी लिहिताना आठवलं नाही, याची लाज आजही वाटते.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची तेव्हा आठवण झाली. १९६७ सालच्या त्या नाटकात वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला बघता बघता बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. यजमानाच्या मनात ही धास्ती हवीच. कर्जात बुडालेल्याला कर्जबाजाऱ्याची चिठ्ठी देऊ नये, संसार मोडलेलीला पळून गेलेल्या बायकोची नको. खून जितका घरापासून लांबचा, तितकी मंडळी मोकळी होतात.

रात्रीत सगळं बदललं. फिरत्या नाटक कंपनीचा मालक मध्यंतरात रंगपटात मरून पडलाय. घरातल्या कुणी मेल्याचं सोंग घ्यायचं नाही ही काकूची अट, म्हणून मालकाच्या जागी टोपी घातलेला लोड! नऊजणांना भूमिका, पाच पोरं फौजदार. स्वयंपाक संध्याकाळीच उरकला, नाहीतर खेळ ओसरीवर आणि बायका चुलीपाशी, हे ठरलेलंच.

धागे साधे होते. सुरीच्या मुठीला मिशा चिकटवायचा डिंक. राजाची भूमिका करणाऱ्याची मिशी मध्यंतरात गायब. आणि खेळात सर्वांसमोर ठेवलेल्या नाटकाच्या वहीची दोन पानं चिकटलेली.

दोन तास नुसता गोंधळ. हार्मोनियमवाल्यावर सगळ्यांचा संशय, कारण त्याला उगीचच हसू येत होतं. अखेर सातवीतल्या भाचीनं वही उचलली, पानं ओढून पाहिली आणि म्हणाली, "मिशी लावणाऱ्याच्या बोटाला डिंक लागणार. पण ही वही तर प्रॉम्प्टरच्या हातात असते!"

सगळे प्रॉम्प्टरकडे वळले. कोपऱ्यात, कंदिलाच्या उजेडात, काकू सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला, कमरेची चिठ्ठी काढून भाचीच्या हातावर ठेवली.

"मले पकडलं ना," ती म्हणाली, "मंग आता चहा दुसऱ्या कुणी तरी ठेवा."