आधी परतावा, मग चौकशी

वीजबिल, विम्याचा हप्ता, कर्जफेड यांसाठी बँकेला एकदा संमती दिली की ठरल्या दिवशी रक्कम खात्यातून आपोआप वळती होते. रांग टळते, मुदत चुकत नाही. तथापि पैसे देण्याचा पुढाकार यात देणेकऱ्याकडून घेणेकऱ्याकडे जातो. मग चूक झाल्यास निकाल लागेपर्यंत पैसे कोणाच्या हाती राहावेत?

युरोपीय संघाने याचे उत्तर ग्राहकाच्या बाजूने दिले आहे. तेथे युरो चलनातील अशी वसुली आठ आठवड्यांच्या आत, कारण न सांगता, बँकेकडून परत मागता येते. संमतीच नसेल तर मुदत १३ महिन्यांची. ब्रिटनमध्येही चुकीने वळती झालेली रक्कम ग्राहकाची बँक तत्काळ परत करते. वसुली करणाऱ्या संस्थेशी हिशेब मागाहून होतो.

भारतात कार्ड व यूपीआयवरील आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आले. वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना आणि नकार देण्याची मुभा त्यांनी दिली. पाऊल स्वागतार्हच होते. परंतु संमतीने गेलेली रक्कम बिनशर्त परत मिळवण्याचा हक्क त्यांत नव्हता.

महिनाअखेरीस दोन हजार रुपये अडकले तर कंपनीच्या ताळेबंदावर ओरखडाही उठत नाही. कारकुनाच्या घरी मात्र वाण्याची उधारी वाढते. थांबणे ज्याला परवडते त्याने थांबावे, एवढाच या हक्कामागील न्याय आहे. सूचना ही सावधगिरी झाली. संरक्षण परताव्यातच आहे.